दप्तर, चिटणीस आणि संगणकाचें मेज

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयींची एक आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेली असेल. महाराजांनीं एक महत्त्वाचें पत्र लिहून ठेवण्यास सांगितलें होतें. दिवसभराच्या कामांत तें राहून गेलें. रात्रीं महाराजांनीं तें वाचून दाखविण्याची आज्ञा केली, तेव्हां बाळाजींनीं कोरा कागद हातीं धरून, जणूं लिहिलेलेंच वाचीत आहों अशा थाटांत, संबंध पत्र अस्खलित म्हणून दाखविलें. जवळ उभ्या असलेल्या मशालजीस हसूं आवरलें नाहीं, म्हणून गोष्ट उघडकीस आली. आख्यायिका खरी कीं मागाहून रचलेली, हा प्रश्न आम्ही बखरींच्या अभ्यासकांवर सोपवितों. आम्हांस तिच्यांतली एकच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. कागदावर कांहीं नव्हतें, तरी वाचन झालें. कारण वाचणारा जागेवर होता. याच्या उलट प्रकार, म्हणजे कागद आहे, शाबूत आहे, पण त्याचा वाचणारा नाहीं, हा आमच्या काळांत इतका वाढला आहे कीं, त्याचा थोडा इतिहास पाहणें अगत्याचें झालें आहे.

बाळाजी आवजींचें नांव आम्हीं आरंभींच घेतलें, त्यास स्थानाभिमानाचेंही कारण आहे. चिटणीस घराण्याची परंपरा अशी कीं, बाळाजींचे वडील जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरींत होते; सिद्दीची इतराजी होऊन ते मारले गेले, आणि त्यांची पत्नी व मुलें परमुलखीं विकण्यासाठीं गलबतावर चढविण्यांत आलीं. तें गलबत राजापुरास लागलें. तेथें मुलांच्या मामानें पैसे देऊन त्यांची सोडवणूक केली. पुढें राजापुरांतच बाळाजी लेखनाचें काम करूं लागले, व त्यांचें अक्षर पाहून महाराजांनीं त्यांस आपल्या पदरीं घेतलें. आज अर्जुना व कोदवली या नद्यांच्या संगमावर वसलेलें हें तालुक्याचें गांव पाहून येथें कोणे काळीं मोठें बंदर होतें हें नवख्या माणसास खरें वाटत नाहीं. परंतु इंग्रजांनीं १६४९ मध्यें येथें वखार घातली होती. १६६० मध्यें सिद्दी जौहर पन्हाळ्यास वेढा घालून बसला असतां राजापूरच्या इंग्रजांनीं त्यास तोफगोळ्यांची मदत केली. त्याचें फळ म्हणून १६६१ मध्यें महाराजांनीं राजापूर घेतलें, वखार लुटली, आणि हेन्‍री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद केले.

येथें एक गोष्ट सहज सांगावीशी वाटते. ज्यांची वखार लुटली गेली त्या इंग्रजांचीं पत्रें आज आपणांस वाचतां येतात. १६५९ ते १६८२ या काळांतील शिवाजीविषयक इंग्रजी पत्रांचा मोठा संग्रह पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ मध्यें छापून काढला. आणि ज्यानें लुटली त्या राजाचें रायगडावरील दप्तर मात्र १६८९ मध्यें गड मोगलांच्या हातीं पडल्यावर बहुतेक नाहींसें झालें. यांत इंग्रजांचें शौर्य नाहीं. वखारीच्या कारकुनाला प्रत्येक पत्राच्या नकला करून सुरतेस व विलायतेस पाठविण्याची शिस्त होती, एवढेंच.

आतां दप्तराकडे वळूं. हा शब्द आपण फारसींतून घेतला. तेथें तो ग्रीकांकडून आला व त्याचा मूळ अर्थ कातडें असा आहे, असें व्युत्पत्तिकार सांगतात. आमच्याकडे त्याचा अर्थ कागदांचा ढीग असा कधींच नव्हता. कागद, ते ठेवणारे, ते उघडण्याचा अधिकार असणारे, आणि त्यांवर खुणा करणारे या सर्वांची मिळून एक संस्था, असा होता. अधिकाऱ्यांचीं नांवेंच पाहावीं. फडणीस म्हणजे फर्द लिहिणारा, चिटणीस म्हणजे चिटी लिहिणारा, पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. फारसी पत्र आलें कीं तें पारसनिसाकडे जावयाचें. तें फडणिसाच्या पुढें टाकून उपयोग नाहीं. वसुलाची याद चिटणिसाकडे नेली तर तो ती हातांतही घेणार नाहीं. सुरनिसानें, म्हणजे १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ज्यास सचिव म्हणूं लागले त्यानें, पत्राचा मजकूर तपासून अधिकउणें अक्षर शुद्ध करावें, आणि मग तें पुढें जावें. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी मोर्तब दिसते व 'सुरू सूद', 'बार' अशा खुणा दिसतात, त्या या प्रवासाच्या खुणा होत. कागद कोणाच्या हातून गेला, कोठें नोंदला गेला, आणि येथें तो संपला, पुढें कोणी ओळ घुसडूं नये, हें सारें त्यांत आलें.

कागद कोणता हें ओळखावयाचें कसें? फारसी पत्र खलित्यांत घालून येई, त्यामुळें तें दुरूनही ओळखूं येई. पण बाहेरचें वेष्टन हें बाहेरचें वेष्टनच. मुरलेला कारकून मायना पाहत असे. पत्र 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' असें सुरू झालें कीं 'मशरुल अनाम' असें सुरू झालें, एवढ्यावरून तें कोणीं कोणास लिहिलें, विनंतीचें कीं हुकुमाचें, कोणत्या फडावर जावयाचें, हें त्यास पुढची ओळ न वाचतां समजे. बाहेरची चिठ्ठी आणि आंतला मायना या ओळखण्याच्या दोन रीतींतला भेद वाचकांनीं मनांत ठेवावा; त्यावर पुढें पुष्कळ अवलंबून आहे.

पेशवाईंत ही यंत्रणा फार वाढली. दिवसाचा व्यवहार रोजकिर्दींत चढे, त्यावरून बाबवार घडणी होई, वर्षाअखेर ताळेबंद लागे. कागद पुडक्यांत, पुडकें रुमालांत, रुमालावर चिठ्ठी. १८१८ मध्यें राज्य गेल्यावर हें दप्तर इंग्रजांच्या हातीं आलें, पुढें इनाम कमिशनाच्या चौकशींत त्यांत आणखी घराण्यांचीं दप्तरें येऊन पडलीं, आणि पुण्यास १८९१ च्या सुमारास त्यासाठीं स्वतंत्र इमारत उभी राहिली. मोडी रुमालच तेथें सुमारें ३५,००० आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासूनच्या चारपांच वर्षांत त्यांतून निवडून ४५ खंड काढले. हें काम केवढें, हें ज्यानें एकच रुमाल सोडून पाहिला आहे त्यास सांगावयास नको. बाकीचें दप्तर आजही बव्हंशीं बांधलेलेंच आहे. तें कोणीं दडविलेलें नाहीं. सरकारी व्यवहारांतून व शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी उठली, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळणारी, शब्द न तोडणारी, विरामचिन्हें न ओळखणारी ती लिपी वाचणारे हात एक एक करून गेले. कागद आहे, वाचणारा नाहीं.

एवढी प्रस्तावना झाल्यावर आमचे तरुण वाचक म्हणतील कीं, लेखाच्या मथळ्यांतला संगणक कोठें राहिला? तो या दप्तराच्या सख्ख्या भावकींतलाच आहे. अमेरिकेंत पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा १९७० मध्यें निघाली. तेथें १९७३ मध्यें आल्टो नांवाचा संगणक झाला, आणि त्याच विचारांतून १९८१ मध्यें स्टार नांवाचें यंत्र विक्रीस आलें. त्याच्या पडद्यावर एक मेज काढलेलें होतें. मेजावर कागद, कागद ठेवण्याचे फोल्डर, खण, आलेल्या व जावयाच्या टपालाच्या टोपल्या. तिकडच्या कचेरींतल्या कारकुनाला जें रोज दिसे तेंच चित्रांत उतरविलें होतें. (हा शोध पुण्याच्या हुजूर फडांत लागता तर आज साऱ्या जगाच्या पडद्यावर पिवळ्या फोल्डराऐवजीं तांबडा रुमाल दिसता, व तो उघडण्यासाठीं गांठ सोडावी लागती!) स्टारमध्यें माणसानें फक्त कागदाला हात लावावयाचा, तो कोणत्या प्रोग्रॅमचा, याची उठाठेव यंत्रानें करावयाची. बाळाजी आवजींस कोणी 'आधीं चिटणीस उघडा, मग पत्र उघडा' असें सांगत नव्हतें. महाराज पत्र म्हणत आणि चिटणीस पुढें येई. स्टारची कल्पना तीच होती. यंत्र मात्र सोळा हजार डॉलरांहून महाग होतें व तें फारसें खपलें नाहीं.

कल्पना खपली. १९८४ च्या जानेवारींत अॅपलचा मॅकिंटॉश आला. त्यांतील कागदपत्रें सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमास फाइंडर म्हणत. तो ब्रूस हॉर्न व स्टीव्ह कॅप्स यांनीं लिहिला. येथील व्यवस्था आमच्या फडाशीं इतकी जुळते कीं, क्षणभर हसूं येतें. प्रत्येक फाईलीवर चार चार अक्षरांच्या दोन गुप्त खुणा असत: एक, हा कागद कोणत्या जातीचा, दुसरी, तो कोणाच्या हातचा. नवा प्रोग्रॅम यंत्रांत आला कीं, 'अमुक खुणेचे कागद माझे, आणि त्यांवर माझें हें चित्र लावावें' अशी वर्दी बरोबर घेऊनच तो येई, व फाइंडर ती एका लपविलेल्या वहींत टिपून ठेवी. मग कागदावर दोनदां बोट दाबलें कीं फाइंडर वही पाहणार, धनी शोधणार, त्यास उठविणार, आणि कागद त्याच्या हातीं देणार. वही बिघडली कीं सगळीं चित्रें कोरीं होत. तेव्हां यंत्र सुरू करतांना दोन कळा दाबून धरून वही नव्यानें लिहवून घ्यावी लागे. आणि धनी सांपडलाच नाहीं तर फाइंडर तसें स्वच्छ कळवून स्वस्थ बसे. कागद तेथेंच असे.

दुसरा संप्रदाय आय.बी.एम.च्या यंत्रांवरील डॉसचा. तेथें खूण कागदाच्या आंत नव्हती, गुप्तही नव्हती; नांवाच्या शेवटीं टिंब देऊन तीन अक्षरें जोडावयाचीं, तीच त्याची जात. म्हणजे रुमालावरची चिठ्ठी! मायक्रोसॉफ्टच्या जुन्या विंडोजमध्यें प्रोग्रॅमांचा एक कारभारी व फाईलींचा दुसरा कारभारी अशीं दोन निराळीं दालनें होतीं. १९९५ च्या ऑगस्टांत आलेल्या विंडोज ९५ मध्यें तीं एक झालीं, आणि कोणती तीन अक्षरें कोणत्या प्रोग्रॅमाचीं याची नोंद रजिस्ट्री नांवाच्या वहींत जाऊं लागली. येथें एक खोड अशी राहिली कीं, दोन प्रोग्रॅम एकाच जातीच्या कागदावर हक्क सांगूं लागले तर शेवटीं आलेला जिंके. वतनाचे तंटे पाहिलेल्या माणसास याचें नवल वाटणार नाहीं. दुसरी खोड अधिक घातक ठरली. माणसास त्रास नको म्हणून यंत्रानें तीं शेवटचीं तीन अक्षरें लपविण्यास आरंभ केला. २००० च्या मे महिन्यांत फिलिपाइन्समधून निघालेलें एक 'प्रेमपत्र' जगभर गेलें, तें याच खोडीचा फायदा घेऊन: दिसावयास साधा मजकूर, आणि लपलेलीं अक्षरें मात्र चालता प्रोग्रॅम असल्याचीं. चिठ्ठीवर विसंबून रुमाल सोडला, आणि आंतून विंचू निघाला.

मायना पाहून कागद ओळखणाऱ्या जुन्या कारकुनाची रीत युनिक्स नांवाच्या पंथानें उचलली. तेथें १९७३ पासून एक लहानसा प्रोग्रॅम आहे. तो नांवाकडे न पाहतां फाईलींतील पहिलीं कांहीं अक्षरें वाचतो व जात सांगतो. पी.डी.एफ. जातीच्या फाईलीच्या आरंभीं टक्क्याचें चिन्ह व तींच तीन अक्षरें असतात; झिप जातीच्या फाईलींत आरंभीं 'पीके' असतें, आणि तीं ती पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झचीं आद्याक्षरें होत. पुढें १९९२ मध्यें नथानिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं विद्युत्टपालासाठीं कागदांच्या जातींची सर्वमान्य नांवें ठरविलीं. युनिक्सच्याच वळणावरील लिनक्सच्या जगांत १९९६ मध्यें केडीई व १९९७ मध्यें ग्नोम अशीं दोन मेजें निघालीं, आणि एका मेजावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या मेजास ओळखेना. हा घोळ मिटविण्यासाठीं २००० मध्यें हॅवक पेनिंग्टन यानें दोन्हीं पक्षांचीं मंडळी एकत्र आणण्याचें काम सुरू केलें. त्यांतून ठरलें तें असें: प्रत्येक प्रोग्रॅमानें आपली एक साधी वर्दी ठराविक जागीं लिहून ठेवावी, तींत आपलें नांव, आपलें चित्र, आपण कोणत्या जातीचे कागद उघडूं शकतों, आणि आपणांस कसें बोलवावें, एवढें असावें. ही वर्दी साध्या अक्षरांत असते. कोणासही वाचतां येते, आणि तींत मराठी नांवही घालतां येतें. तेथील केराची टोपलीसुद्धां दप्तराच्या शिस्तीची आहे: टाकलेल्या प्रत्येक फाईलीबरोबर ती मूळ कोठें होती व कोणत्या दिवशीं टाकली याचें टिपण ठेवलें जातें. आमच्या कचेऱ्यांतून रद्दी काढतांना एवढी नोंद होती तर कित्येक खटले वांचले असते.

अलीकडे वारें उलटें वाहूं लागलें आहे. २००७ मध्यें आयफोन आला त्यांत मेज नव्हतें कीं फाईल मॅनेजर नव्हता. प्रत्येक अॅपचे कागद त्या अॅपच्याच पोटांत. पुढें २०१७ मध्यें कंपनीनें फाईली पाहण्याचें एक दालन दिलें. यांत सुरक्षितता आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं; अॅपनें सगळ्या दप्तरांत हात घालूं नये, दरवानाकडे मागावें व दरवानानें तेवढाच कागद आणून द्यावा, ही रीत चांगलीच आहे. परंतु वर्गांत आम्ही हल्लीं पाहतों कीं, हुशार विद्यार्थ्यासही 'तुझा निबंध कोठें आहे?' असें विचारलें तर तो अॅपचें नांव सांगतो. जागेचें नांव त्यास ठाऊक नसतें. कागदास धन्यावांचून स्वतःचें घर असतें, ही कल्पनाच मावळत चालली आहे.

मराठीचें दुखणें यांत निराळेंच. संगणकावर भारतीय लिप्यांसाठीं एकच संकेत असावा, या दृष्टीनें कानपूरच्या आय.आय.टी.त व मग १९८८ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्यें मोठें काम झालें. १९९१ मध्यें तसा भारतीय मानक संकेत ठरला, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरी आली. पण छापखाने व कचेऱ्या थांबल्या नाहींत. त्यांनीं इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेले टंक वापरले. यंत्राच्या दृष्टीनें तेथें मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होती, आणि विशिष्ट टंकाचा चष्मा लावला म्हणजे तिच्यांत मराठी दिसे. प्रत्येक कंपनीचा चष्मा निराळा.

आमचे एक स्नेही याच गांवचे. त्यांच्या घरीं वाडवडिलांचीं दोन रुमाल मोडी कागदपत्रें होतीं. त्यांच्या वडिलांनीं निवृत्तीनंतर मोडी शिकून, चारपांच वर्षें खपून, सगळ्या कागदांचें बाळबोध लिप्यंतर केलें व तें १९९७-९८ च्या सुमारास संगणकावर बसविलें. राजापुरांत जवाहर चौकापर्यंत पुराचें पाणी येणें ही पावसाळ्यांतली नित्याची गोष्ट. अशाच एका पुरांत खालच्या खोलींतले रुमाल भिजले. उघडले तेव्हां आंत लगदा होता. वडील तोंवर वारले होते. 'पण तबकडी माडीवर आहे,' असें सांगून स्नेह्यांनीं आम्हांस धीर दिला, वास्तविक तो आम्हीं त्यांस द्यावयाचा. तबकडी संगणकांत घातली. त्र्याण्णव फाईली, नांवें स्पष्ट, आकार यथास्थित. एकीवर दोनदां बोट दाबलें. यंत्रानें विचारलें, 'ही कशानें उघडूं?' ज्या प्रोग्रॅमांत तें काम झालें होतें त्याचें नांव येथें घेण्यांत अर्थ नाहीं; तो आजच्या यंत्रांवर चालत नाहीं, आणि त्याचा टंक कोणाकडे मिळाला नाहीं.

साधा मजकूर म्हणून फाईल उघडली तेव्हां पडद्यावर रोमन अक्षरें, कंस, स्वल्पविराम व टिंबें यांचा सडा पडला. आम्हीं हात टेकले होते. परंतु स्नेह्यांच्या आईनें देवघरांतल्या पोथ्यांतून दोन छापील पानें आणून दिलीं. तीं याच लिप्यंतराचीं होतीं, आणि तेवढीच एक किल्ली. मोडी शिकणारा ज्याप्रमाणें ओळखीच्या मायन्यावरून अक्षरें लावीत जातो, त्याप्रमाणें 'राजश्री' हा शब्द कोठें असेल हें धरून आम्ही दोघे बसलों. लौकरच ध्यानांत आलें कीं, अर्धा श निराळा आणि त्याचा काना निराळा सांठविलेला आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं आलेली आहे. जोडाक्षरांना स्वतंत्र चिन्हें आहेत. तीन आठवड्यांत सुमारें दोनशें चिन्हांची फेरिस्त झाली. मग स्नेह्यांच्या मुलीनें तिच्यावरून एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला, आणि एका दुपारीं आगराच्या हद्दीविषयींचा एक करीना युनिकोड देवनागरींत पडद्यावर उतरला. दुसऱ्या कागदांत त्यांच्या वडिलांनीं कंसांत लिहिलेलें होतें: 'येथें अक्षर लागत नाहीं.' स्नेही तो कंस पुष्कळ वेळ पाहत बसले.

२०१४ मध्यें मोडीलाही युनिकोडांत जागा मिळाली आहे. परंतु मूळ कागदच राहिले नाहींत, तेव्हां त्याचा या घरास उपयोग नाहीं. त्र्याण्णवांपैकीं नव्वद फाईली लागल्या. तीन अजून उघडत नाहींत. त्यांचीं पहिलीं अक्षरें बाकीच्यांसारखीं नाहींत, बहुधा त्या दुसऱ्याच कोणत्या प्रोग्रॅमानें केलेल्या असाव्यात. लागलेल्या सगळ्यांच्या छापील प्रती स्नेह्यांनीं काढल्या, एक संच पुण्यास बहिणीकडे ठेवला, एक मुलीकडे दिला, आणि तिसरा जुन्याच फडक्यांत बांधून माडीवर ठेवला. चिन्हांची फेरिस्तही त्यांत आहे. बाहेरच्या चिठ्ठीवर काय लिहावें हें त्यांनीं आम्हांस विचारलें होतें. आम्हीं सांगितलें कीं, आंत काय आहे तें लिहा, आणि खालीं त्या तीन न उघडलेल्या फाईलींचीं नांवेंही लिहा.